आजोबांचा शेगडा: वापरायचा की मांडून ठेवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबा गिरणीत मेकॅनिक खात्यात फिटर होते. संपानंतर गिरणी बंद पडली, सामान विकलं गेलं, तेव्हा त्यांनी तिथला बाकावरचा व्हाइस, म्हणजे वस्तू जबड्यांत आवळून धरायचा शेगडा, विकत घेऊन खोलीवर आणला. पुढची कित्येक वर्षं तो माळ्यावर गोणपाटात पडून होता. आता चाळ पाडून इमारत होणार म्हणून माळा रिकामा केला आणि तो खाली आला. त्यावर ‘रेकॉर्ड, नंबर ३, शेफील्ड’ अशी ओतीव अक्षरं आहेत, हँडल थोडं वाकलंय, पुढच्या जबड्यावर एक उभी रेघ दिसते. बहिणीचं म्हणणं, निळा रंग मारून, लाकडी स्टँडवर बसवून दिवाणखान्यात ठेवू. तुम्हाला सायकलच्या दुरुस्तीला आणि सुऱ्या बनवायच्या नव्या छंदाला तो वापरायचाय. कुणाचं बरोबर?

मी अडतीस वर्षं टूलरूममध्ये फिटर होतो, त्यामुळे माझा कल कुठे असणार हे तुम्ही ओळखलं असेल. तरी एकदम ‘वापरा’ म्हणत नाही. शेगडा वापरायचा की नाही हे आधी त्याचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, सांगतं आणि मग तुमचं बाक. घरातल्या माणसांचा नंबर त्यानंतर.

(‘शेगडा’ हा शब्द ऐकून माझा पुतण्या हसतो. पण आयटीआयच्या मराठी पुस्तकांत व्हाइसला शेगडाच म्हणतात. शॉपवर, म्हणजे कारखान्यात, आम्ही ‘वाइस’ म्हणायचो. इथे दोन्ही शब्द येतील.)

आधी दुर्मीळपणाचा मुद्दा संपवू. शेफील्डच्या सी. अँड जे. हॅम्प्टन कंपनीचा ‘रेकॉर्ड’ हा छाप. सुतारांना रेकॉर्ड म्हटलं की रंधे आठवतात, पण ते १९३१ पासूनचे. व्हाइस त्याच्याही आधीपासूनचे. नंबर ३ म्हणजे चार इंची जबडा. हे माप इतकं चाललं की इंग्लंडात आजही घरामागच्या शेडमध्ये तो सापडतो. तुमच्याकडे आहे ती उत्तम वस्तू आहे, पण एकुलती एक नाही. वापरल्यामुळे जगातला शेवटचा नमुना झिजेल, अशी भीती बाळगू नका. स्क्रू न फिरवता लिव्हर दाबून जबडा सरकवता येतो असा शिपलीच्या पार्किन्सनचा जुना ‘परफेक्ट’ व्हाइस असता, तेही मूळ रंगासकट आणि सगळे भाग शाबूत, तर मी थोडा थबकलो असतो. थबकलो असतो एवढंच.

आता बीड. तुमचा शेगडा करड्या बिडाचा आहे असं धरूनच चाला. बिडात कार्बन ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांसारखा विखुरलेला असतो. दाबाला ते बीड दणकट असतं. ताणाला मात्र त्या प्रत्येक पापुद्र्याच्या कडेला चीर सुरू व्हायची जागा तयार असते. पोलाद आधी वाकतं, मग तुटतं. बीड वाकून सूचना देत नाही. ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असलेलं, थोडं लवणारं एस.जी. बीड १९४० च्या दशकात सापडलं आणि त्याचं पेटंट १९४९ मध्ये मिळालं. त्याआधीचा शेगडा त्या बिडाचा असूच शकत नाही. त्यानंतरच्यांतही बरेच करड्या बिडाचेच होते.

म्हणून पहिली तपासणी चिरांची. तुमच्या फोटोतली रेघ मी मोठी करून पाहिली. ती जबड्याच्या बरोबर मधोमध आहे, सरळ आहे आणि किंचित वर उठलेली दिसते. ओतकामात साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे अशी रेघ राहते, ती सांध्याची. चीर अशी शिस्तीत जात नाही. ती नागमोडी असते, आत दबलेली असते, आणि नख फिरवलं तर अडकतं. तेव्हा त्या रेघेपुरतं निर्धास्त राहा.

पण चीर पडते ती जागा तुमच्या एकाही फोटोत नाही. वस्तू दाबली की दोन्ही जबडे एकमेकांपासून दूर ढकलले जातात आणि सगळा ताण जबड्याच्या मुळाशी, वस्तूकडच्या बाजूला येतो. सरकता जबडा जिथे आडव्या सरकपट्टीला मिळतो तो आतला कोपरा आणि समोरच्या स्थिर जबड्याचं मूळ, हे दोन कोपरे बघा. मग बोल्टची भोकं असलेले पायाचे कान बघा. बाक वाकडंतिकडं असताना कुणीतरी बोल्ट करकचून आवळले की कान तडकतात. शेवटी सरकता जबडा पूर्ण बाहेर काढून पट्टीची खालची बाजू बघा. काढताना खाली फळी ठेवा आणि दुसऱ्या माणसाला धरायला लावा. स्क्रू नटातून सुटला की तो तुकडा एकदम खाली येतो. माझ्या डाव्या पायाचा अंगठा अजून पावसाळ्यात दुखतो तो याच कारणाने.

डोळ्यांनी दिसलं नाही म्हणजे चीर नाही असं नव्हे. आमच्या शॉपवर एक जुनी पद्धत होती. संशयित जागा घासून स्वच्छ करायची, त्यावर रॉकेल लावून अर्धा तास ठेवायचं, मग फडक्याने खडखडीत पुसायचं. त्यावर पाण्यात कालवलेल्या खडूचा पातळ हात द्यायचा आणि वाळू द्यायचा. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर ओलसर काळी रेघ उमटते. रॉकेल आता मिळणं मुश्कील, डिझेल चालेल. वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात लाल रंगाचे आणि पांढऱ्या डेव्हलपरचे स्प्रे मिळतात. तत्त्व तेच, फक्त रेघ जास्त ठसठशीत. आणखी एक सोपं काम करा. सुटा केलेला जबडा दोरीला टांगा आणि लाकडी हातोडीने हलकेच वाजवा. शाबूत बीड घणघणतं, तडकलेलं फुटक्या मडक्यासारखं बोलतं.

चीर निघाली तर? तर बहीण जिंकली. शेगडा शोभेला ठेवा, वाईट वाटून घेऊ नका. कुणी ‘वेल्डिंग मारून देतो’ म्हणेल. साध्या रॉडने, बीड न तापवता मारलेलं वेल्डिंग गार होताना शेजारीच नवी चीर पाडतं. बीड सावकाश तापवून, पितळी रॉडने ब्रेझिंग करून, राखेत किंवा चुन्यात पुरून हळूहळू गार करणारा गॅसवेल्डर मिळाला, तर जोड टिकतो. पुष्कळ जुन्या शेगड्यांवर अशी पिवळी रेघ दिसते आणि ते बिचारे हलकी कामं करत राहतात. पण मुळाशी जोडलेल्या जबड्यावर मी स्वतः पूर्ण जोर लावणार नाही, आणि ज्याला हाताचा अंदाज अजून बसायचाय त्याला लावू देणार नाही.

चीर नसेल तर बाकीच्या खोडी सगळ्या दुरुस्त होण्याजोग्या आहेत. माझं मत इथेच ठरतं. शेगड्यात झिजतात त्या वस्तू म्हणजे स्क्रू, नट आणि जबड्यांवरच्या पोलादी पट्ट्या. तिन्ही बदलता येतात. पट्ट्यांचे दात गेले असतील तर कुठलाही चांगला टर्नर-फिटर नव्या करून देईल. खरं तर गुळगुळीत पट्ट्या मला जास्त आवडतात, काम ओरखडत नाही. हँडल उलट दिशेला फिरवून बघा, जबडा हलायच्या आधी ते किती मोकळं फिरतं? पाव फेऱ्यापर्यंत असेल तर विसरून जा. अर्ध्याच्या पुढे गेलं तर नट काढून आटे बघा. माथ्याला जाड, चौकोनी दिसायला हवेत. सुरीसारखे पातळ झाले असतील तर नट बदला, कारण असे आटे एक दिवस एकदम सोलून निघतात. मग कागदाच्या दोन पट्ट्या जबड्यांच्या दोन टोकांना ठेवून हलकं आवळा आणि ओढून बघा. एक घट्ट आणि एक सैल असेल तर जबडे तिरके झालेत. दोन्ही पट्ट्या वरच्या कडेला घट्ट आणि खाली सैल असतील तर तो दोष समजू नका. जोर आला की जबडे वरून थोडे उघडतात, म्हणून चांगला शेगडा मुद्दाम वरून आधी टेकणारा केलेला असतो.

तुमचं वाकलेलं हँडल मात्र मला अस्वस्थ करतं. ते मऊ पोलादाचं असतं, कारण अतिजोर झाला तर बीड तुटण्याआधी हँडल वाकावं. म्हणजे तुमच्या शेगड्यावर कधीतरी कुणीतरी मर्यादेपलीकडे जोर केलाय. बहुतेक पाइप घालून.

पाइप घालणं म्हणजे काय याचा हिशोब एकदा कागदावर करा. समजा स्क्रूचा एक फेरा जबडा ६ मिलिमीटर पुढे नेतो आणि तुम्ही हँडल मध्यापासून १५० मिलिमीटरवर धरून २० किलोचा जोर लावता. एका फेऱ्यात तुमचा हात साधारण ९४० मिलिमीटर फिरतो, म्हणजे जोर सुमारे १५७ पट होतो, तीन टनांच्या वर. त्यातला तीनचतुर्थांश घर्षणात गेला तरी जबड्यात पाऊण टन उरतो. कानस मारायला, हॅक्सॉने कापायला हे पुरून उरतं. आता त्यात दोन फुटी पाइप घाला. हात मध्यापासून ६०० मिलिमीटरवर जातो, पाऊण टनाचे तीन टन होतात, आणि हाताला मात्र तेवढाच जोर जाणवतो. मी शिकाऊ असताना असाच पाइप घातला होता. आवाज बंदुकीसारखा आला. पुढचा अर्धा जबडा फरशीवर पडला आणि अख्खी शॉप गप्प झाली. उस्ताद काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून महिनाभर मला त्या तुटक्या शेगड्याच्या जागी, रिकाम्या बाकाशी उभं करून झाडूकाम दिलं.

म्हणून नियम एवढाच की हाताने आवळेल तेवढंच. हँडलवर हातोडा नाही, पाइप नाही, पाय तर नाहीच. जबड्याच्या एकाच टोकाला वस्तू धरावी लागली तर दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा तुकडा टाका, नाहीतर सरकता जबडा पिळला जातो. ठोकायचं असेल तर वार स्थिर जबड्याच्या दिशेने, सरकत्याच्या नव्हे. मागे ऐरणीसारखी सपाट जागा असली तरी ती खिळा सरळ करण्यापुरती. तुमच्या सुऱ्यांबद्दल खास सांगतो. पातं तापवून शेगड्यात पिळणं, वाकवणं, घणाने ठोकणं या शेगड्यात करू नका. लोहाराचा खालपर्यंत लांब पाय असलेला उभा शेगडा त्यासाठीच असतो. तो घडीव असतो आणि घाव पायावाटे जमिनीत जातो. बिडाच्या शेगड्यात घाव बिडातच राहतो. पात्याला कानस मारणं, मुठीचं लाकूड घासणं, पितळी पिना बसवणं, हे सगळं खुशाल करा, तांब्याच्या पत्र्याच्या टोप्या जबड्यांवर चढवून.

गंजाचं मी फार लिहीत नाही, कारण लोक तिथेच अडकतात आणि शेगडा वर्षभर बादलीत राहतो. वरवरचा गंज डिझेल आणि तारेच्या ब्रशने जातो. खोल असेल तर सायट्रिक ॲसिड, म्हणजे ढोकळ्यात घालतात ते लिंबाचं फूल, पाण्यात साधारण ५ टक्के, आणि रात्रभर नाही, दर दोन-तीन तासांनी बघत. नंतर सोड्याच्या पाण्याने धुऊन, गरम करून लगेच तेल. संडास धुवायचं ॲसिड वापरू नका. बिडाच्या छिद्रांत ते मुरतं आणि महिन्याभराने गंज परत फुटतो. बॅटरी चार्जर आणि धुण्याच्या सोड्याची विजेची पद्धत उत्तम चालते. फक्त शेगडा ऋण टोकाला जोडा, दुसऱ्या टोकाला साधं लोखंड घ्या. स्टेनलेस कधीच नाही, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. आणि काम उघड्यावर करा, हायड्रोजन निघतो.

रंगाचं मात्र सावध राहून करा. जुन्या लोखंडी सामानावर खाली बऱ्याचदा शेंदरी प्रायमर असतो आणि तो शेंदूर म्हणजे शिशाचंच संयुग. वरच्या रंगातही शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) आली ती आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून. तुमच्या शेगड्यावरचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. कोरडा पॉलिश पेपर किंवा ग्राइंडरवरचा ब्रश मारून त्याची धूळ करू नका, घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही. रंग काढायचाच असेल तर रिमूव्हर लावून ओलाच खरवडा आणि तो चिखल गोळा करा.

पण काढायचाच कशाला? ताईंना माझं हे एवढंच सांगणं. नवा चकचकीत निळा इनॅमल मारलेला शेगडा कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. आजोबांचा हात लागलेला रंग जिथे उडालाय, हँडलच्या टोकाचे गोळे जिथे घासून चांदीसारखे झालेत, तेच बघण्यासारखं आहे. शोभेला ठेवायचा झाला तरी माझी कृती अशीच असेल: धुवायचा, गंज थांबवायचा, मेणाचा पातळ हात द्यायचा, बस. माझ्या एका मित्राने निवृत्तीनंतर त्याचा व्हाइस रंगवून टीव्हीशेजारी ठेवला. रंगाखाली गंज राहिला होता, दोन पावसाळ्यांत तो फुगून पोपडे निघाले. वर तो ठेवला होता काचेच्या कपाटावर. पंधरा-वीस किलोची, वरून जड असलेली वस्तू, आणि घरात नातवंडं. दिवाणखान्यात ठेवायचाच असेल तर तिथेही बोल्टने आवळूनच ठेवा.

आता बाक. शाबूत शेगडा असूनही मी ‘मांडून ठेवा’ म्हणेन ते याच कारणासाठी. व्हाइस निम्मं काम करतो, उरलेलं बाक. फडफडणाऱ्या टेबलावर बसवलेला रेकॉर्ड आणि बाजारातला सगळ्यात स्वस्त शेगडा यांत फरक उरत नाही. तुम्हाला किमान दोन इंची जाड लाकूड, खाली जाड पट्टी, प्रत्येक भोकात आरपार बोल्ट आणि मोठे वायसर लागतील. स्क्रूने लाकडात बसवू नका. बोल्ट आवळण्याआधी पाया लाकडावर डुगडुगत नाही ना ते बघा, डुगडुगला तर पातळ पत्र्याची पाचर घाला, नाहीतर कान तडकतील. स्थिर जबड्याची पट्टी बाकाच्या कडेच्या जराशी बाहेर यायला हवी, म्हणजे लांब पट्टी उभी धरता येते. उंची मोजायला ताठ उभे राहा, मूठ हनुवटीखाली ठेवा. कोपर जिथे येईल तिथे जबड्यांचा माथा. माझ्या उंचीला तो साधारण १०५ सेंटिमीटरवर येतो.

असं बाक नव्या इमारतीच्या फ्लॅटमध्ये कुठे ठेवणार याचं उत्तर आधी द्या. बाल्कनीत ठेवलं तर कानशीचा आवाज खालच्या दोन मजल्यांना जातो, आणि पावसाळी हवा दर आठवड्याला तेल मागते. तळमजल्यावर कुणाचं गॅरेज, गावाकडे पडवी, मित्राचं वर्कशॉप, यांतलं काही असेल तर शेगडा तिथे न्या. काहीच नसेल तर दिवाणखान्यातला कोपरा त्याला माळ्यापेक्षा नक्कीच बरा. बीड पडून राहिल्याने खराब होत नाही, गंजाने होतं. स्क्रूला वर्षातून दोनदा ग्रीस आणि चार फेरे मिळाले तर तुमच्या मुलाच्या हातीही तो चालू स्थितीत पडेल, निर्णय तेव्हा बदलता येईल. म्हणून सांगतो, शोभेच्या नावाखाली काही कायमचं करू नका. दिव्याची वायर जायला भोक पाडणं, जबडे वेल्ड करून जागीच बसवणं, हे मी पाहिलंय. तसला शेगडा परत कामाला लागत नाही.

तुम्ही आणि ताई भांडत असाल तर एक आठवण करून देतो. आमच्या शॉपवर खंडेनवमीला मशिनं बंद असायची. शेगडे धुऊन पुसून त्यांना हळदकुंकू, झेंडूची माळ, जबड्यात नारळ. त्या दिवशी त्यावर कुणी कानस टेकवत नसे. दसऱ्याची सुट्टी संपली की माळ काढून त्याच जबड्यात पहिला तुकडा आवळला जायचा. दोन्हीत विरोध आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही.

एक राहिलंच. तुमच्या तिसऱ्या फोटोत स्थिर जबड्याच्या मागे, रंगाच्या थराखाली, पंचने ठोकलेले आकडे अंधुक दिसतात. तो कारखान्याचा नंबर नसावा, ओतीव अक्षरं वेगळी आणि हे आकडे हाताने मारलेत, ओळ वाकडी आहे. मोठ्या कारखान्यांत खात्याचा आणि बाकाचा नंबर असा मारत. आजोबांच्या जुन्या कागदांत, पगाराच्या पाकिटावर किंवा पासवर तो आकडा कुठे सापडतो का बघा. आणि सापडो न सापडो, घासताना त्या जागेवर ब्रश हलका ठेवा.